मेथीच्या वाफ्याचा पाया

दस्तगीरचाचा, ती भोकं मी बुजवली.

एवढं एक वाक्य मी नऊ वर्षं सुपारीसारखं गालात धरून होतो. चघळलं नाही आणि थुंकलंही नाही. तुम्ही समोर होता तेव्हा धाडस झालं नाही, आता तुम्ही नाही म्हटल्यावर मी शूर झालोय. माझं शौर्य नेहमी असंच, एसटी सुटल्यावर स्टँडवर पोचणारं.

काय घडलं ते पहिल्यापासून सांगतो, कारण हे तुमच्याबरोबर आणखीही काही लोक वाचणार आहेत. आमच्या परसात तुम्ही मेथीसाठी विटांचा वाफा बांधलात. दहा फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट उंच. काम संपवलंत आणि कबनूरला एका यंत्रमागाच्या शेडचं काम धरलं होतं तिकडं निघून गेलात. दुसऱ्या दिवशी रविवार. मी दात घासत वाफ्याला प्रदक्षिणा घालत होतो. बघतो तर लांब बाजूला, अगदी खालच्या थरात, एका विटेआड दोन विटांमधली फट उघडीच. अशा फटीला तुम्ही दरज म्हणायचा. मोजल्या, सात. मला वाटलं, चाचांचं वय झालं, भरायच्या राहिल्या. कुणी बघायच्या आत आपणच भरून टाकू, म्हाताऱ्या माणसाची लाज राखू. उरलेलं सिमेंट कालवलं, थापी नव्हती म्हणून बायकोचं, म्हणजे शैलाचं, उलथनं घेतलं आणि सातही फटी ठासून भरल्या. वर बोट फिरवून गुळगुळीत केल्या. चार पावलं मागं सरून बघितलं आणि स्वतःवर खूश झालो.

उलथन्याचा मात्र दगड झाला. ते पाण्याच्या टाकीमागं लपवलं. पुढं महिन्याभरात ते स्वयंपाकघरात जागेवर दिसलं, घासून लख्ख. कसं आलं ते मी विचारलं नाही. सगळ्यांना सगळं विचारत सुटायची मला खोड, पण हा एक प्रश्न मी जन्मात विचारला नाही.

आणि हा माणूस पाटबंधारे खात्यात धरणांच्या फायली लावायच्या नोकरीला! प्रत्येक फायलीत कुठं ना कुठं लिहिलेलं, पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवावी. त्या फायली माझ्या हाताखालून गेल्या, डोक्यातून गेल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात तुमच्या रियाजचा फोन आला. गडहिंग्लजपर्यंत एक एसटी, तिथून नेसरीची दुसरी, असं करत पोचलो तोवर माती देऊन झाली होती. अंगणात चटईवर बसलो. तुमच्या गावचे एक आजोबा माझ्याकडं बोट करून रियाजला म्हणाले, "पावणं कुठलं?"

"कोल्हापूरचं भावसाहेब. अब्बाचं दोस्त."

"कंचं? लई दोस्त व्हतं त्येचं."

"वाफ्यावालं की, आजोबा. चाळीस वरसात अब्बाच्या हातचं एकच काम पडलं बघा. ते ह्यांच्या घरचं."

चटईवरचे चारपाच जण हसले. वाईट हसणं नव्हतं ते, मेलेल्या माणसाची एखादी बारीकशी खोट आठवून लोक मायेनं हसतात तसलं. चाचा, मीही हसलो. कपातला चहा बशीत ओतला आणि फुंकर मारत बसलो. तुमचा मुलगा स्वतः गवंडी. तो पुढं आपल्या पोरांना सांगणार, तुमच्या आज्याच्या हातचं एकच काम पडलं. आणि ज्यानं पाडलं तो मी त्याच्याच घरचा चहा पीत होतो.

म्हणून हे कागदावर. रियाज, वाच बाबा. पुढं अजून आहे.

चाचा, आपली ओळखच मुळी भांडणानं झाली. बावड्याच्या अंगाला आमची कॉलनी झाली तिथं आधी ऊस होता. घर बांधून दोन वर्षं झाली तरी परसातून उसाचे कोंब वर यायचे, जमिनीला अजून बातमी पोचली नव्हती. माती काळीभोर. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की माझी किल्ली एकदा आत गेली ती गेलीच. पावसाळ्यात तीच माती फुगून ढोल, पाणी धरून बसणार. शैलाची मेथी दोन वर्षं कुजली. मग तिनं ठरवलं, वाफा जमिनीच्या वर उचलून घ्यायचा. कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही आलात, चप्पल काढून अनवाणी परसात फिरलात आणि म्हणालात, "दोन फूट खाली जावं लागंल."

मी म्हणालो, "वर जायचंय चाचा, दीड फूट. खाली कशाला?"

"पाया नको व्हय?"

"दीड फुटाच्या वाफ्याला दोन फूट पाया? मला मेथी लावायचीय, राजवाडा बांधायचा नाही."

"भावसाहेब, मेथीला काय कळतंय. जमिनीला कळतंय. वर राजवाडा हाय का मेथी हाय, ती बघत न्हाय. उन्हाळ्यात समद्यास्नी सारखीच वढती."

मला वाटलं, हा माणूस काम वाढवतोय. शैला दारातून म्हणाली, "त्यांचं त्यांना करू द्या की. तुम्ही कधी वीट तरी उचललीय का?" माझ्या बाजूनं बोलायला घरात दुसरं कुणी नव्हतं. खोदकाम सुरू झालं.

माझ्या प्रश्नांची सुरुवात तिथून. तुम्ही फूटभर चर खणलात, तळाला बादलीभर पाणी ओतलंत आणि काठावर बसून बिडी शिलगावलीत. मी म्हणालो, दमलात काय? तुम्ही म्हणालात, मापतोय. एक बिडी संपायच्या आत पाणी जिरलं, तर खाली मुरूम लागला, पाया तिथं बसवायचा. न्हाय जिरलं, तर अजून काळी माती हाय, खणा. त्या दिवशी तीन बिड्या झाल्या तरी पाणी तसंच, आरशासारखं. त्यात आपल्या दोघांची तोंडं दिसत होती.

"तुमच्या जमिनीपायी माझी छाती जायाची," तुम्ही म्हणालात.

"पण चाचा, झुरके जोरात मारले तर बिडी लवकर संपेल. मग माप चुकणार नाही का?"

तुम्ही बिडी तोंडातून काढलीत. "भावसाहेब, हापिसात तुमी काम करता, का नुसतं इचारतच असता?"

दुसऱ्या दिवशी दोन फुटांवर पिवळसर मुरूम लागला. बादली ओतली आणि निम्म्या बिडीत तळ कोरडा. तुम्ही उरलेली बिडी विझवून कानामागं खोचलीत, काम झाल्यावर ओढायला. ते बघून मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात जाऊन चार जणांना सांगितलं. माझ्या खात्यात पाणी जिरण्याची मापं घेणारे मोठमोठे साहेब आहेत. एक जण म्हणाला, याला शास्त्रीय आधार काय? मी म्हणालो, बिडी.

मग मुरूम भरून, पाणी मारून, धुम्मसानं ठोकून घेतला. वर सोलिंग, म्हणजे दगडांचा थर. त्यावर पायाच्या विटा. प्रत्येक वीट दुसऱ्या विटेवर वाजवून कानाशी धरायचा तुम्ही. खणखणली तर घ्यायची, भद्द वाजली तर बाजूला. आणि एवढं सगळं दोरी लावून, ओळंबा धरून, जमिनीच्या खाली! दोन दिवसांनी त्यावर माती पडणार होती. मी विचारलं, "चाचा, हे कोण बघणारय? दोरी कशाला?"

"मी बघितलंय की," तुम्ही म्हणालात.

यावर आपला वाद बरीच वर्षं चालला. माझं म्हणणं, जे दिसणार नाही ते मजबूत असावं, सुबक कशाला? तुमचं म्हणणं, वाकडं मजबूत नसतंयच. मी म्हणायचो, झाडाची मुळं वाकडीच असतात. तुम्ही म्हणायचा, झाडाला दोरी लावायला हात कुठं हायत? या वादात मी हरलो असं मला अजून वाटत नाही, आणि तुम्हालाही तुम्ही हरलात असं कधी वाटलं नाही. आता तो तसाच राहिला.

तर, भोकं. आषाढात चार दिवस पाऊस उघडला नाही. वाफ्यातली माती पाणी पीत गेली, आणि बाहेर पडायच्या सातही वाटा मी गुळगुळीत करून ठेवलेल्या. तिसऱ्या दिवशी भिंतीनं जेवून उठलेल्या पैलवानासारखं पोट काढलं. चौथ्या दिवशी सकाळी धप्प. लांब बाजू पार आडवी, मेथी गटारात. पाया मात्र जागच्या जागी, दोरीच्या रेषेत. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून कबनूरच्या शेडवर निरोप ठेवला. तुम्ही दुपारी डोक्यावर पोतं घेऊन हजर.

उकिडवे बसलात. एक वीट उचललीत, तिच्या कडेला माझं सिमेंट चिकटलेलं. नखानं खरवडलंत. मग दुसरी वीट, मग तिसरी. माझ्याकडं बघितलंत की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण त्या वेळी मी आभाळाकडं बघत होतो.

तेवढ्यात समोरचे निकम सर छत्री घेऊन आले. त्यांच्या कंपाउंडची भिंत, चांगली ऐंशी फूट, ते तुम्हालाच देणार होते. बोलणं होत आलं होतं. सर म्हणाले, "काय हो मिस्त्री? दीड फूट टिकेना, माझं पाच फूट कसं टिकायचं?"

तुम्ही उभं राहून हात झटकलेत. "चूक माझी हाय सर. पान्याला वाट कमी पडली."

चाचा, तिथं बोलायला मला तीन शब्द पुरले असते. मी वळचणीखाली आणखी एक पाऊल मागं सरलो. दोन दिवसांनी निकम सरांच्या दारात दुसऱ्याच गवंड्यानं दोरी लावली. तुम्ही इकडं आमची पडलेली भिंत उचलत होता, आणि मध्येच थांबून रस्त्यापलीकडं बघत होता. मला वाटलं काम गेल्याचं दुःख. तुम्ही म्हणालात, "पाया उथळ घेतोय त्यो." एवढंच.

ती भिंत तुम्ही दुसऱ्यांदा बांधलीत तेव्हाची गोष्ट. खालचे थर लागायच्या वेळी तुम्ही म्हणालात, "भावसाहेब, कोपऱ्यावरनं च्या सांगून या. आन् घाई नगा करू."

"घरात चहा टाकलाय की शैलानं."

"वैनींचा च्या लई ग्वाड असतोय. जावा."

मी चहा घेऊन आलो तर खालचं सगळं झाकलेलं, पायाशेजारी खणलेला चर बुजवलेला, भिंत वीतभर वर आलेली. वाकून बघितलं. भोकं नाहीत. एकही नाही.

"चाचा, पाण्याची वाट?"

"हाय की."

"कुठंय?"

"हाय तिथं हाय. या बारीला ती कुणाच्या नजरंला पडायची न्हाय."

त्या दिवसापासून नऊ वर्षं वाफा उभा आहे. पाऊस धो धो आला, एका साली पंचगंगेचं पाणी कॉलनीच्या तोंडाशी येऊन गेलं, पण वाफ्यात कधी डबकं साचलं नाही आणि भिंतीला केसाएवढी रेघ नाही. पाणी जातं कुठं? हा प्रश्न मला चावत राहिला. तुम्ही शहरात कुठल्या कामाला आलात की वाटेत आमच्याकडं थांबायचा, आणि मी पहिला घोट घ्यायच्या आधी विचारायचो. दर वेळी नवं उत्तर. एकदा म्हणालात, खाली दोन बेडकं सोडल्यात, पितात. एकदा म्हणालात, थेट रंकाळ्यात काढून दिलंय. एकदा ईदचा शीरखुर्मा घेऊन आलात तेव्हा म्हणालात, आज सणाचं खोटं बोलायचं न्हाय, म्हणून आज सांगतच न्हाय.

शेवटी मी प्रयोग केला. नीळ कालवून दोन बादल्या पाणी वाफ्यात ओतलं आणि परसभर फिरलो, कुठून निळं बाहेर पडतंय बघायला. कुठूनही नाही. गटार पांढरं, भिंतीभोवती कोरडं. निळी झाली ती फक्त मेथी. शैला चार दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि पाचव्या दिवशी बोलली तेव्हा ते चार दिवस बरे होते असं वाटलं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात.

आणि खरं सांगायचे प्रसंग? आले की. रियाजच्या लग्नाहून परत निघालो, तुम्ही मला गडहिंग्लजच्या स्टँडवर सोडायला आलात. कोल्हापूर गाडीला वेळ होता. मी सुरुवात केली, "चाचा, त्या वाफ्याचं एक सांगायचं होतं..."

"औंदा वांगी लावा," तुम्ही म्हणालात. "सारखी मेथीच लावली की माती कटाळती."

"ते नाही, ती पहिल्यांदा भिंत पडली तेव्हा..."

"गाडी लागली बघा. खिडकी धरा आधी."

गाडी लागली नव्हती. ती बेळगावची होती. पण मी खिडकी धरायला पळालो आणि बरं वाटलं मला, सुटल्यासारखं.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही शेवटचे आलात तेव्हा हातात काठी होती. वाफ्याच्या काठावर बसलात, तळहातानं वीट चाचपलीत, गाईच्या पाठीवरनं फिरवावा तसा हात फिरवलात. मी म्हणालो, "यंदा तरी सांगा."

"सांगतो की. गडबड काय हाय?"

मलाही वाटलं, गडबड काय आहे. मीही माझं सांगीन, तुम्हीही तुमचं सांगाल. अशी दोन उत्तरं एकमेकांसमोर बसून चहा पीत होती.

नेसरीहून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा रस्ता ओलांडून निकम सरांकडं गेलो. त्यांना सगळं सांगितलं, उलथन्यासकट. सरांनी आपल्या कंपाउंडकडं बघितलं. त्या भिंतीला तीन ठिकाणी तडे आहेत, एकातून पिंपळ आलाय. मग म्हणाले, "म्हणजे हा पिंपळ तुम्ही लावलात."

मी मान खाली घालून परत आलो आणि कुदळ घेतली.

खणावं की नाही हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही असं नाही. तुम्ही झाकलेलं उघडायचा मला काय अधिकार? पण विचारायला तुम्ही नाही, आणि उत्तर दोन फुटांवर. मे महिना. परसभर भेगा, आणि वाफ्यापासून पेरूच्या झाडाकडं जाणारा एक पट्टाच काय तो मऊ. नऊ वर्षं मी त्या पट्ट्यावरनं चपला घासत गेलो आणि मला दिसला नाही. भिंतीच्या बाहेरून हळूहळू खणत गेलो. दीड फुटावर कुदळ खणखणली, चांगली वीट वाजते तशी. हातानं माती काढली.

कौलं होती चाचा. जुनी नळीची कौलं, एकात एक बसवलेली, पायाच्या पोटातून निघून उतारानं सरळ पेरूकडं गेलेली. दोरी लावूनच बसवली असणार, केसाइतकीही वाकलेली नव्हती. शेवटी पेरूच्या मुळाशी विटांच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा. हे सगळं तुम्ही मी ऑफिसात असताना उरकलं असणार, मला चहाला पिटाळून फक्त पायाशी तोंड जोडलंत. आमचा पेरू कॉलनीत सगळ्यांपेक्षा जास्त लागतो, आणि त्याचं श्रेय मी आजवर माझ्या शेणखताला देत आलो. नीळही त्यालाच गेली. पेरू निळे झाले नाहीत, नाहीतर तेव्हाच कळलं असतं.

मग बघितलं, कौलं हलू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी पाचरीसारख्या चिपा ठोकल्या होत्या. एक सैल झाली ती हातात घेतली. दगड नव्हता तो. सिमेंटचं ढेकूळ, विटेच्या फटीएवढं रुंद, एक बाजू बोट फिरवून गुळगुळीत केलेली. दुसऱ्या बाजूला उलथन्याच्या कडेची रेघ.

मी मोजली. डावीकडं चार, उजवीकडं तीन. सात.

गवंडी काही टाकून देत नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. म्हणजे निकम सरांसमोर हात झटकत "चूक माझी हाय" म्हणालात, तेव्हा तुमच्या पायाशी माझी सात ढेकळं पडली होती आणि तुम्ही ती ओळखली होती. रस्त्यापलीकडं दुसऱ्याची दोरी लागलेली बघत होता, तेव्हाही. नेसरीत मुलाला "एकच काम पडलं माझं" म्हणून सांगत होता, तेव्हाही. मला राग आला तुमचा, खरं सांगतो. एकदा नुसतं माझ्याकडं बघून हसला असता तरी मी सगळं ओकलो असतो. मग कळलं की नऊ वर्षं तुम्ही दर वेळी माझ्याकडं बघून हसतच होता.

रियाज, तुझ्या अब्बाच्या हातचं एकही काम पडलेलं नाही. जे पडलं ते माझ्या हातचं होतं. कोल्हापूरला येशील तेव्हा ये, चर अजून उघडा ठेवलाय. तू गवंडी आहेस, तुला बघायला आवडेल.

शैला चहा घेऊन आली. खड्ड्याच्या काठावर उभं राहून तिनं कौलं बघितली, माझ्या हातातलं ढेकूळ बघितलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. कप माझ्या हातात देत म्हणाली, "उलथनं त्यांनीच मला आणून दिलं होतं, विटेनं घासून. मी म्हटलं, थांबा, आत्ता विचारते ह्यांना. तर म्हणाले, 'ऱ्हाऊ दे की वैनी. त्यांस्नी इचारायचं आसतंय आन् मला यायचं आसतंय. एकदा कळलं की मग मला कोण च्याला बोलिवतंय?'"